पटासमोरची जागा

पुण्यात कोणाला "तुमचा आवडता बुद्धिबळपटू कोण?" असे विचारले, तर उत्तरासोबत एक लहानसे व्याख्यानही पदरात पडते, असा आमचा अनुभव आहे. कोणी विश्वनाथन आनंदचे नाव घेतो आणि १९८८ साली तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला तेव्हापासूनचा हिशेब मांडू लागतो. कोणी कास्पारोवच्या आक्रमणांनी भारावलेला असतो, कोणी तालच्या बेधडक बलिदानांनी. हल्लीची मुले कार्लसन आणि गुकेश यांच्या गुणांकनाचे आकडे दशांशचिन्हासह सांगतात. नीट ऐकले तर या उत्तरांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग यशाचा, म्हणजे विजेतेपदे, पदके आणि गुणांकने यांचा. दुसरा सौंदर्याचा, म्हणजे अमुक एका डावातल्या अमुक एका चालीचा. पहिला वर्ग गणिताचा आणि दुसरा रसास्वादाचा, असे म्हणायला हरकत नाही.

साहित्याचे अध्यापन हा आमचा व्यवसाय असल्यामुळे आम्ही दुसऱ्या वर्गात बसावे, अशी मित्रमंडळींची स्वाभाविक अपेक्षा असते. प्रत्यक्षात आमच्या आवडत्या खेळाडूंची यादी या दोन्ही कसोट्यांवर पुरती उतरत नाही. त्या यादीत जगज्जेते थोडे आहेत, आणि जे आहेत ते जगज्जेतेपदामुळे आलेले नाहीत. आमची कसोटी तिसरीच आहे. पटासमोर एक खुर्ची असते. त्या खुर्चीवर बसण्याचा हक्क कोणाला मिळतो, माणूस तिथे कसा बसतो, केव्हा बसायला नकार देतो आणि उठताना काय करतो, याकडे आमचे लक्ष डावाइतकेच असते. या कसोटीला आमच्या एका समीक्षक मित्राने 'खुर्चीशास्त्र' असे नाव ठेवले आहे. नाव ठेवण्यात पुणेकरांचा हात कोण धरणार! तथापि या शास्त्राची बाजू एकदा सविस्तर मांडावी, असे बरेच दिवस मनात होते.

आधी या आवडीचे मूळ सांगतो. आमचे लहानपण नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेले. वाड्याच्या ओसरीवर संध्याकाळी पट मांडला जाई आणि खेळ चाले तो जुन्या देशी नियमांनी. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरके. राजाला शह बसण्यापूर्वी आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी मारण्याची मुभा असे. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले असेल, त्याच मोहऱ्याचा मान त्याला मिळे. सगळ्यांत प्रतिष्ठेची मात म्हणजे प्यादेमात. वजिराने मात करणे हे जिंकणे झाले. प्याद्याने मात करणे ही प्रतिपक्षाची शोभा झाली. ज्याच्यावर प्यादेमात होई, तो दोन दिवस ओसरीकडे फिरकत नसे.

त्या ओसरीवर बसणारे सगळे पुरुष होते. आमची एक आत्या चहाचे पेले घेऊन येई आणि पेले ठेवता ठेवता पटाकडे पाही. एकदा आजोबा बराच वेळ विचारात पडलेले असताना ती हलक्या आवाजात म्हणाली, "अप्पा, घोड्याकडे बघा हं." अप्पांनी घोड्याकडे पाहिले, चाल केली आणि तीन चालींत समोरच्यांनी डाव सोडला. ओसरीवर अप्पांची वाहवा झाली. आत्या तोवर रिकामे पेले घेऊन आत गेली होती. तिला खेळ येतो हे घरात सर्वांना ठाऊक होते. तिला खेळायला बसवावे, हे कोणाला सुचले नाही. तिनेही कधी मागितले नाही. त्या वयात आम्हालाही यात काही वावगे दिसले नव्हते. पुढे वाचन वाढले, तसे त्या पेल्यांचे आणि त्या घोड्याचे नाते उमगू लागले.

बुद्धिबळ हा फार उघडा खेळ आहे. पत्त्यांत हात वाईट आला असे म्हणता येते, क्रिकेटमध्ये खेळपट्टीला दोष देता येतो. इथे दोघांसमोर सारखीच सोळा मोहरी असतात आणि सगळा पट दोघांनाही दिसत असतो. हरणाऱ्याला आपल्या हरण्याचे कारण दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. शिवाय वरच्या दर्जाच्या खेळात प्रत्यक्ष मात होईपर्यंत डाव क्वचितच जातो. हरणारा स्वतःच ओळखतो, घड्याळ थांबवतो, हात पुढे करतो. आपला पराभव आपल्याच तोंडाने जाहीर करण्याची ही रीत आम्हाला शोकांतिकेतल्या आत्मज्ञानाच्या क्षणाजवळची वाटते. फरक एवढाच, की नाटकात तो क्षण एकदाच येतो, खेळाडूला मात तो वर्षातून अनेकदा सोसून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खुर्चीवर बसायचे असते.

इथे आमच्या समीक्षक मित्राचा आक्षेप मांडायला हवा. तो हलका नाही. त्याचे म्हणणे असे : डाव ही संहिता आहे. तिची लिपीही ठरलेली आहे. रशियन खेळाडूचा १९०७ सालचा डाव पुण्यातला विद्यार्थी आज जसाच्या तसा मांडू शकतो. खेळाडू कसा बसला, कसा उठला, त्याने कोणाशी हस्तांदोलन केले, हे सगळे चरित्र झाले. कवितेचे मूल्यमापन करताना कवीचे चरित्र दूर ठेवायला तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवता आणि बुद्धिबळात मात्र चरित्रालाच कवटाळता, ही विसंगती नव्हे काय?

या आक्षेपाची खरी परीक्षा बॉबी फिशरपाशी होते. १९५६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, न्यू यॉर्कमध्ये डोनाल्ड बर्नविरुद्ध त्याने वजिराचे बलिदान देऊन जिंकलेला डाव आम्ही किती वेळा मांडला असेल, याची गणती नाही. त्या डावाला 'शतकातला डाव' म्हणतात आणि तो मांडताना अजूनही अंगावर काटा येतो. हाच फिशर पुढे ज्यूंविषयी विखारी बोलत राहिला, स्वतःची आई ज्यू असताना. २००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्कवर हल्ला झाला, तेव्हा त्याने नभोवाणीवरून आनंद व्यक्त केला. मित्र म्हणतो, त्याने डावातली एकही चाल वाईट ठरत नाही. हे आम्हाला मान्य आहे. आम्ही फिशरचे डाव मांडतो, विद्यार्थ्यांना दाखवतो, त्यांचे कौतुक करतो. परंतु 'आवडता खेळाडू कोण' हा प्रश्न 'आवडता डाव कोणता' या प्रश्नाहून वेगळा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना माणसाला वगळता येत नाही, कारण प्रश्नच माणसाविषयी विचारलेला असतो.

म्हणूनच १९७२ च्या रेक्याविक येथील जगज्जेतेपदाच्या लढतीतला आमचा नायक बोरिस स्पास्की आहे. पहिला डाव फिशर हरला, दुसऱ्याला तो आलाच नाही. दोन-शून्य अशी आघाडी हातात असताना स्पास्की लढत सोडून जगज्जेता म्हणून मायदेशी परतू शकला असता. त्याने तसे केले नाही. तिसरा डाव प्रेक्षकांपासून आणि कॅमेऱ्यांपासून दूर एका लहान खोलीत खेळायचा, ही फिशरची अट त्याने मान्य केली आणि तो डाव हरला. सहावा डाव फिशर अप्रतिम खेळला. डाव संपल्यावर सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांत पराभूत स्पास्कीच्याही टाळ्या होत्या. जगज्जेतेपद हातचे जात असताना प्रतिस्पर्ध्याच्या कलाकृतीला दाद देणारा हा माणूस! पुढे २००४ साली फिशर जपानमध्ये अटकेत पडला, तेव्हा स्पास्कीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. फिशरला शिक्षा द्यायची असेल तर आपल्यालाही द्या, दोघांना एकाच कोठडीत ठेवा आणि बुद्धिबळाचा एक संच द्या, अशी त्याची मागणी होती. स्पास्की २०२५ च्या फेब्रुवारीत वारला. त्याच्या डावांपेक्षा फिशरचे डाव श्रेष्ठ असतील. खुर्चीवर कसे बसावे, हे आम्ही स्पास्कीकडून शिकलो.

ही झाली दूरची उदाहरणे. आमच्या यादीत सर्वांत वर असलेली नावे महाराष्ट्रातली आहेत, आणि त्यांतले पहिले रोहिणी खाडिलकर यांचे. 'कीचकवध'कार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे घराणे मराठीच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. केसरीत टिळकांचे सहकारी असलेल्या आणि पुढे 'नवाकाळ' काढणाऱ्या या नाटककाराचे नातू म्हणजे संपादक नीळकंठ खाडिलकर. त्यांच्या तीन कन्या, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघीही बुद्धिबळ खेळल्या. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली बंगळूरला झाली आणि ती वासंती खाडिलकरांनी जिंकली. त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे राष्ट्रीय महिला विजेतेपद बहुतांशी याच घरात राहिले. रोहिणी खाडिलकरांनी ते पाच वेळा मिळवले. १९८१ साली हैदराबादला झालेली आशियाई महिला स्पर्धाही त्यांनी जिंकली.

तरीही आमच्या लेखी त्यांची सर्वांत मोठी चाल पटावरची नाही. १९७६ साली तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरल्या. त्याआधी कोणतीही भारतीय स्त्री तिथे बसली नव्हती. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना स्त्री म्हणून वगळता येणार नाही. हे युवे स्वतः १९३५ ते १९३७ या काळातले जगज्जेते. ॲमस्टरडॅममध्ये मुलींच्या शाळेत ते गणित शिकवत असत. त्यांनी अलेखाईनकडून जिंकलेले पद, कबूल केल्याप्रमाणे त्याला पुन्हा लढतीची संधी देऊन, दोन वर्षांत गमावले होते. खुर्ची आपल्या मालकीची नसते, हे ज्याला कळले होते त्याच माणसाच्या हातात हा निर्णय यावा, याचे आम्हाला नेहमी समाधान वाटत आले आहे.

हा प्रसंग वाचताना आम्हाला ओसरीवरचे ते पेले आठवले नसते, तरच नवल होते. आत्याला कोणी मज्जाव केला नव्हता. मज्जाव करावा लागू नये, अशीच ती सगळी व्यवस्था होती. एखादी मुलगी जाऊन खुर्चीवर बसते, तेव्हा कुठे त्या व्यवस्थेला स्वतःचे नियम मोठ्याने बोलून दाखवावे लागतात, आणि मोठ्याने बोललेला नियम न्यायालयात तपासता येतो. रोहिणी खाडिलकरांनी त्या स्पर्धेत किती गुण मिळवले, हे आमच्या दृष्टीने गौण आहे. त्या तिथे बसल्या, हाच त्या वर्षीचा निकाल होता.

बसण्याचे मोल असे, तर न बसण्याचेही असते. आमच्या यादीतले दुसरे नाव पुण्याच्या सौम्या स्वामिनाथन यांचे. २००९ साली अर्जेंटिनातल्या पुएर्तो माद्रिन येथे त्यांनी वीस वर्षांखालील मुलींचे जगज्जेतेपद मिळवले. तिघी समान गुणांवर असताना सरस टायब्रेकवर मिळालेले ते पद होते. त्या काळी आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये ज्यांना उंटाची चाल ठाऊक नव्हती, तेही टायब्रेकवर बोलत होते. पुढे २०१८ साली इराणमधल्या हमदान येथे आशियाई सांघिक स्पर्धा ठरली. तिथे डोके झाकण्याची सक्ती होती. आपल्याला संघातून वगळावे, अशी विनंती सौम्या यांनी केली आणि त्यामागची भूमिका जाहीरपणे मांडली. ही सक्ती आपल्या मूलभूत हक्कांवरचे आक्रमण आहे आणि देशासाठी खेळण्याचा मान मोठा असला तरी या बाबतीत तडजोड करता येणार नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते.

या प्रसंगाचे कौतुक करणाऱ्यांत त्या वेळी फार गर्दी होती आणि त्या गर्दीतल्या अनेकांना बुद्धिबळाशी किंवा स्त्रियांच्या हक्कांशी फारसे कर्तव्य नव्हते. त्यांना परक्या देशाच्या नियमावर बोट ठेवायला निमित्त हवे होते. आम्हाला जे महत्त्वाचे वाटते ते निराळे आहे. खेळाडूच्या आयुष्यात देशाच्या संघातली जागा ही अत्यंत दुर्मिळ वस्तू. तिच्यासाठी बालपण, शाळा, सुट्ट्या, मैत्रिणी, सगळे बाजूला ठेवलेले असते. ती जागा मिळाल्यावर ती कोणत्या अटीवर स्वीकारायची, याचा विचार करण्याइतके भान शिल्लक राहणे, हे आम्हाला कौतुकास्पद वाटते. रोहिणी खाडिलकर जिथे बसू दिले जात नव्हते तिथे बसल्या. सौम्या स्वामिनाथन बसवले जात असताना उठल्या. या दोन्ही कृती वरवर उलट दिसल्या तरी त्यांच्यामागचा प्रश्न एकच आहे : या खुर्चीवर आम्ही कोण म्हणून बसणार?

तिसरे नाव पुण्याचे पहिले ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांचे. १९७७ चा जन्म, १९९७ आणि २००० या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद, २००० साली ग्रँडमास्टर किताब. हा किताब मिळवणारे ते चौथे भारतीय. त्यांच्याआधी आनंद, दिव्येंदू बरुआ आणि आपले प्रवीण ठिपसे. २००३ साली एडिंबरा येथे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. आदल्या वर्षी ते रमेश यांनी मिळवले होते. लागोपाठ दोन वर्षे भारतीय विजेता झाल्यानंतर, २००४ पासून, ती स्पर्धा राष्ट्रकुलातल्या इतर खेळाडूंना बंद झाली. कोणाला तरी यात दुखावल्यासारखे वाटेल; आम्हाला मात्र दाराला लागलेली ती कडी म्हणजे एक प्रकारचे प्रशस्तिपत्रकच वाटते.

पण कुंटे आमच्या यादीत आहेत ते एडिंबरामुळे नव्हेत. ऑलिंपियाडसारख्या सांघिक स्पर्धेत प्रत्येक संघाला एक न खेळणारा कर्णधार असतो. या कर्णधाराचे काम फार विचित्र आहे. डाव चालू असताना त्याला खेळाडूशी पटावरच्या स्थितीविषयी एक अक्षर बोलता येत नाही. बरोबरीचा प्रस्ताव द्यावा का, आलेला स्वीकारावा का किंवा डाव सोडावा का, एवढाच सल्ला तो देऊ शकतो. चेहऱ्यावरही काही दिसू देता कामा नये. स्वतः ग्रँडमास्टर असलेल्या माणसाला समोर चुकीची चाल होताना दिसते, आणि त्याने नुसते पाहत उभे राहायचे असते. वर्गात एखादा विद्यार्थी कवितेचा चुकीचा अर्थ लावत असताना अर्धा मिनिट गप्प बसणे आम्हाला जमत नाही. इथे चार-पाच तास गप्प राहायचे.

२०२२ साली चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाचे कर्णधार कुंटे होते. शेवटच्या फेरीपर्यंत संघ आघाडीवर होता. त्या फेरीत अमेरिकेकडून हार झाली आणि सुवर्णाऐवजी कांस्य हाती आले. महिला संघाचे ते पहिलेच ऑलिंपियाड पदक होते. तरीही त्या संध्याकाळच्या छायाचित्रांत आनंद शोधावा लागतो. दोन वर्षांनी बुडापेस्टला कर्णधार तेच. आठव्या फेरीत पोलंडकडून पराभव, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी. चेन्नईची आठवण सगळ्यांच्या मनात असणार. दहाव्या फेरीत चीनवर आणि शेवटच्या फेरीत अझरबैजानवर विजय मिळवून हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका आणि तानिया यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. त्याच दिवशी पुरुषांच्या संघानेही सुवर्ण जिंकले. पदके खेळणाऱ्यांची असतात आणि तसेच असायला हवे. परंतु जो स्वतः खुर्चीवर बसू शकत होता, त्याने उठून मागे उभे राहण्याचे काम पत्करले आणि हरल्यावरही तो तिथेच उभा राहिला. आमच्या मित्राच्या संहितेत या माणसाची एकही चाल नोंदलेली नाही. त्या संहितेचे अपुरेपण दाखवायला आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

हे सगळे विवेचन आम्ही एकदा वर्गात करून बसलो. तौलनिक साहित्याच्या तासाला प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाडी' ही १९२४ सालची कथा आणि सत्यजित राय यांचा १९७७ चा चित्रपट यांची चर्चा चालली होती. अवध बुडत असताना पटावरून मान वर न करणारे ते दोन सरदार कथेत एकमेकांना ठार मारतात. चित्रपटात ते जिवंत राहून इंग्रजी नियमांनी नवा डाव मांडतात. या दोन शेवटांपैकी अधिक भयंकर कोणता, यावर वर्गात चांगलाच वाद झाला. तिथून गाडी आमच्या यादीवर आली आणि आम्ही मोठ्या उत्साहाने खुर्चीची कसोटी समजावून दिली.

तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. ती शाळेत असताना राज्य पातळीपर्यंत खेळली होती, हे आम्हाला तेव्हाच कळले. दहावीनंतर खेळ सुटला. ती म्हणाली, "सर, तुमच्या यादीतल्या सगळ्यांना खुर्ची मिळाली. कोणी भांडून मिळवली, कोणी मिळालेली सोडली. मला कोणी अडवलं नव्हतं. पण बाहेरगावच्या स्पर्धेला माझ्याबरोबर यायला घरात कोणाला वेळ नव्हता, आणि एकटीला पाठवायची तयारी नव्हती. मला खुर्ची नको होती सर, सोबत हवी होती."

यावर आम्ही काही समाधानाचे बोलू पाहिले. तिने ते विनयाने ऐकले, पण स्वीकारले नाही. ते योग्यच होते. तिच्या वाक्याने आमच्या कसोटीतला एक मोठा रिकामा भाग दाखवून दिला होता. खुर्चीवर कोण बसते याचा विचार आम्ही केला होता. खुर्चीपर्यंत कोण आणून सोडते याचा केला नव्हता. बुद्धिबळ हा एकट्याचा खेळ, असे म्हणतात. प्रत्यक्षात तेरा वर्षांच्या मुलीमागे न्यायालयात जाण्याची तयारी असलेले घर लागते. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाने परगावी नेणारी आई लागते, सभागृहाबाहेरच्या बाकावर पाच तास बसून राहणारा बाप लागतो. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलामुलींना पटासमोर बसवले. भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारखी खेळाडू त्या वातावरणात घडली. कोणत्या डावाच्या नोंदवहीत भाऊसाहेबांचे नाव सापडणार? पण ते नसते, तर किती नोंदवह्या कोऱ्या राहिल्या असत्या, याची मोजदाद कोणी करावी?

त्या दिवसापासून बातम्या वाचण्याची आमची पद्धत बदलली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री स्पर्धा झाली. तीत कोनेरू हंपी पहिली आली. नागपूरची दिव्या देशमुखही तिथे खेळली. तीनच महिन्यांनी, जुलैत, जॉर्जियातल्या बातुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत याच दोघी समोरासमोर होत्या. एक अडतीस वर्षांची, २००२ साली ग्रँडमास्टर झालेली, मातृत्वासाठी काही काळ खेळापासून दूर राहून परत आलेली आणि २०१९ व २०२४ अशी दोनदा जलद बुद्धिबळाची जगज्जेती झालेली. दुसरी एकोणीस वर्षांची, ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म हाती नसलेली. मोठे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलद डावांतला पहिलाही बरोबरीत, आणि दुसरा काळ्या मोहऱ्यांनी दिव्याने जिंकला. विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर किताबही तिला तिथेच मिळाला. डाव संपल्यावर ती आईच्या मिठीत रडली.

त्या छायाचित्रावर पुष्कळ लिहिले गेले, मुख्यतः मुलीच्या अश्रूंविषयी. आमची नजर आईवर खिळली. तिने किती स्पर्धांना सोबत केली असेल, किती सभागृहांबाहेर वाट पाहिली असेल, याचा हिशेब त्या मिठीत होता. आणि आम्हाला आमची विद्यार्थिनी आठवली, जिच्या बाबतीत तो हिशेब सुरूच झाला नाही. दिव्याचे कौतुक करताना तिचा विसर पडू नये, एवढी जबाबदारी त्या कौतुकाबरोबर येते, असे आता आम्हाला वाटते. अपवादात्मक यशाच्या कथा सांगणे सोपे असते. त्या कथांनी न खेळलेल्या डावांवर पडदा पडू नये.

यादी एवढ्यावर संपत नाही. नाशिकच्या विदित गुजराथीचे नाव तीत आहे. २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत तो पहिलाच डाव हरला आणि शेवटी स्पर्धा जिंकून गेला. पहिल्या दिवशी हरून दुसऱ्या दिवशी तितक्याच शांतपणे येऊन बसणे, याला आमच्या शास्त्रात पुरेसे गुण आहेत. आनंदचे नाव तर आहेच. मात्र त्याची पाच जगज्जेतेपदे आमच्यापुरती दुय्यम आहेत. २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये, स्वतःच्याच शहराजवळ, त्याने खेळाडू म्हणून न बसता मार्गदर्शक म्हणून उभे राहणे पसंत केले, त्यासाठी ते आहे. त्या स्पर्धेत त्याच्या जागी बसलेली मुले अजून विशीच्या आतबाहेरची होती.

त्यांतला एक गुकेश. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरला, चौदाव्या डावात, डिंग लिरेनने हत्तीची एक चुकीची चाल केली आणि अठरा वर्षांचा हा मुलगा जगज्जेता झाला. चूक लक्षात आल्यावर गुकेशच्या चेहऱ्यावर उमटलेले आश्चर्य जगाने पाहिले. डिंगने थोडा वेळ मान खाली घातली, मग हात पुढे केला. हस्तांदोलन झाले, डिंग उठून गेला. गुकेश रडत होता. सगळे सभागृह त्याच्याकडे पाहत असताना त्याने डोळे पुसले आणि विस्कटलेली मोहरी एकेक करून पुन्हा आपापल्या घरात लावायला घेतली. पांढरी पांढऱ्यांच्या जागी, काळी काळ्यांच्या जागी. सगळी लावून झाल्यावर मगच तो खुर्चीवरून उठला.